ऑर्लाचा अल्बम आणि आमचं गॅरेज

लोकांच्या गॅरेजमध्ये जुने टायर, मोडक्या सुटकेसी आणि इंडियाला न्यायच्या बॅगा साठतात. आमच्या सिएटलजवळच्या बेलव्ह्यूच्या गॅरेजमध्ये किस्से साठलेत. गाड्या बिचाऱ्या पावसात बाहेर उभ्या आणि किस्से आत, कोरडे ठणठणीत. घरी कुणी जेवायला आलं की श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, त्यातला एक काढतो आणि हमखास चुकीचा सांगतो. मग पोळ्या सोडून मला बाहेर येऊन तो दुरुस्त करावा लागतो. म्हणून म्हटलं, एकदाच सगळे नीट सांगून टाकते.

*

श्रीकांत दिवसा रेडमंडला सॉफ्टवेअर लिहितो आणि संध्याकाळी तबला बडवतो. ‘बडवतो’ हा शब्द माझा नाही, सुमनकाकूंचा. काकू म्हणजे त्याची सख्खी काकू, आमच्याच गल्लीत मुलाकडे राहतात. तबल्याचा आवाज शेजाऱ्यांना जाऊ नये म्हणून श्रीकांतनं काकूंच्या हातच्या सगळ्या गोधड्या गॅरेजच्या भिंतींना ठोकल्या होत्या. झालं साउंडप्रूफ, असं आपलं त्याला वाटायचं.

एका शनिवारी भर दुपारी दार वाजलं. दारात हुडी घातलेली, चिंब भिजलेली एक बाई. श्रीकांतनं तिला तोंडच उघडू दिलं नाही. “सॉरी, सॉरी, बंदच करत होतो. प्लीज, कंप्लेंट नका करू.”

ती म्हणाली, “बंद का केलंत? मी मागच्या घराच्या बेसमेंटमध्ये राहते. मी त्यावर गाणं करत होते.”

ही ऑर्ला. आयर्लंडमधल्या गॉलवेची. स्वतः लिहिते, स्वतः चाल लावते, स्वतः गाते. गाण्याचा प्रकार म्हणे ऑल्टरनेटिव्ह रॉक. काकूंनी विचारलं, “म्हणजे काय गं?” आमची लेक ईशा म्हणाली, “आजी, इट्स रॉक, बट काइंड ऑफ सॅड.”

“म्हणजे भैरवीच की,” काकू म्हणाल्या. “फक्त गिटारवर.”

*

ऑर्लाचा पहिला अल्बम कुणी ऐकलाच नव्हता. रेकॉर्ड कंपनीनं तिला दुसऱ्या अल्बमची एक संधी दिली होती, आणि तीही शेवटची. तो जमला नाही तर परत गॉलवेला, भावाच्या टाइल्सच्या दुकानात. “माझा भाऊ फार चांगला आहे,” ती एकदा चहा पिता पिता म्हणाली. “पण मला टाइल्समधलं आत्ताच इतकं कळतं, की माझी मलाच भीती वाटते.”

स्टुडिओ परवडण्यासारखा नव्हता. श्रीकांतनं मला न विचारता गॅरेज देऊन टाकलं. माणूस तसा दिलदार आहे, फक्त कळवायचं राहून जातं त्याच्याकडून.

तर अल्बमचं रेकॉर्डिंग सुरू झालं. ऑर्ला गिटारवर, श्रीकांत तबल्यावर, ड्रम्सवर ईशा, आणि समोर वॉटर हीटरला टेकून खुर्चीत काकू.

तिसऱ्या गाण्यात ऑर्लानं अगदी वरचा सूर लावला, आणि त्याच वेळी आतून माझ्या कुकरची शिट्टी झाली. मी धावत गॅस बंद केला, माफी मागायला गॅरेजमध्ये गेले, तर ही डोळे विस्फारून विचारते, “ते काय होतं? ते मला पाहिजे.”

पाहिजे म्हणजे पुन्हा पाहिजे, नीट माइक लावून. आता कुकर काय कुणाच्या बापाचा नोकर आहे का? ती गात होती तेव्हा तो गप्प. ती पाणी प्यायला थांबली की हा फुस्स. त्या दिवशी जी डाळ शिजली ती आठवडाभर खाल्ली आम्ही, आणि शेजारच्या दोन घरांनी. शेवटी एकदा दोघांचा सूर जुळला.

पुढे कंपनीच्या माणसानं ते ऐकलं आणि ऑर्लाला म्हणाला, “मागे ती दूर जाणारी आगगाडी वाजते ना, तिनं गाणं कुठल्या कुठं नेलंय.”

आम्ही त्या गाण्याला घरात ‘वरण’ म्हणतो.

*

ईशाचं आणि तबल्याचं फाटलं होतं. लहानपणी श्रीकांतनं तिला रोज बसवलं, आणि हायस्कूलमध्ये गेल्यावर एके दिवशी ती “आय हेट धिस” म्हणून उठली ती उठलीच. तेव्हापासून बापलेकीत तबल्याचा विषय बंद. मी मध्ये पडून बघितलं, दोघांनी मलाच गप्प केलं.

ऑर्लानं एक नवी चाल आणली. ईशा त्यावर ड्रम्स वाजवायला बसली, पण ठेका काही केल्या जमेना. चारात मोजलं, तीनात मोजलं, काठ्या आपटून झाल्या. श्रीकांत कोपऱ्यात गप्प. ह्या माणसाला गप्प बसलेलं मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होते.

थोड्या वेळानं ईशा त्याच्याकडे न बघता म्हणाली, “बाबा, रूपक दाखव ना.”

सात मात्रांचा ताल तो. श्रीकांतनं हातावर टाळी देऊन दाखवला, तिनं तो ड्रम्सवर घेतला, आणि गाणं चालायला लागलं. श्रीकांत “चष्म्यावर धूळ बसली” म्हणत आत आला आणि बराच वेळ सिंकपाशी उभा राहिला. चष्मा तर गॅरेजमध्येच राहिला होता.

*

आता काकूंचं सांगायला हवं. काकूंचे वडील सांगलीत एका नाट्यगृहाची व्यवस्था बघायचे. त्यामुळे काकूंनी लहानपणी सगळी संगीत नाटकं फुकट बघितली, पण अगदी मागच्या रांगेतून. तेव्हापासून जगातलं सगळं गाणं मागच्या रांगेसाठी असतं अशी त्यांची खात्री आहे. ऑर्लानं काहीही हळुवार गायलं की वॉटर हीटरपासून आवाज यायचा, “मागच्या रांगेला ऐकू आलं नाही.”

आणि दाद म्हणाल तर ठरलेली. “बरं आहे.” माझ्या लग्नातलं जेवण बरं होतं, ग्रँड कॅन्यन बरी आहे, श्रीकांतचा तबला तर ‘बरं’पर्यंतही कधी पोचला नाही.

ऑर्लानं एकदा न राहवून ईशाकरवी विचारलं, “काकू, बरं आहेच्या वर काय असतं?”

“वन्स मोअर,” काकू म्हणाल्या. मग ईशानं समजावलं, की नाटकात गाणं फार आवडलं तर लोक ‘वन्स मोअर’ म्हणून ओरडतात. मग गाणाऱ्यानं दुसरं गाणं नाही म्हणायचं, तेच पहिल्यापासून परत म्हणायचं.

“तेच? लगेच? मग नाटक संपतं कधी?”

“संपायची घाई कुणाला असते?” काकू म्हणाल्या.

“तुम्ही कितींना दिलात?”

काकूंनी जरा आठवून बघितलं. “हा देश सुरू झाल्यापासून एकालाही नाही.” देश म्हणजे त्यांचा इथला मुक्काम.

*

नववं गाणं ऑर्लानं आयरिश भाषेत लिहिलं. तिची आई तिच्याशी ह्याच भाषेत बोलायची. आई गेल्यापासून ती भाषा माझ्या तोंडात नुसती पडून आहे, असं ती म्हणाली. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उठून माझ्या आईला फोन लावला. तिनं विचारलं, “काय गं, काय झालं?” काही नाही म्हटलं, सहजच.

कंपनीचा माणूस गॅरेजमध्ये ऐकायला आला. टॉड त्याचं नाव. दारात बूट काढले, चकल्या खाल्ल्या, सगळ्यांना थँक्यू म्हणाला आणि अगदी हळू आवाजात काहीतरी पुटपुटला. मोठे साहेब लोक बोलतात तसं.

“मागच्या रांगेला ऐकू आलं नाही,” काकू म्हणाल्या. ईशानं घाबरत घाबरत त्याचं इंग्लिश केलं. टॉड बिचारा लाल झाला आणि मोठ्यानं म्हणाला, “नववं गाणं काढून टाकू या. लोकांना एक शब्दही कळणार नाही.”

ईशानं तेही काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, “त्याला सांग, मला बाकीच्या गाण्यांतलाही एक शब्द कळलेला नाही. तरी रोज येतेच ना मी?”

टॉडला हसू आलं, पण तो बधला नाही. ऑर्लाही बधली नाही. “ते गाणं नसेल तर तो अल्बम माझा नाही. मग मी टाइल्स विकेन.” शेवटी असं ठरलं, की सिएटलला एका क्लबमध्ये शो आहे, तिथं ते गाणं म्हणायचं. लोकांनी उचलून धरलं तर अल्बम निघेल, तिला हवा तसा. लोक बारकडे वळले, तर संपलं.

*

शोला आम्ही सगळे गेलो. दारातल्या धिप्पाड माणसानं कानात घालायला फोमचे बोळे दिले. काकू म्हणाल्या, “गाणं ऐकायला बोलावतात आणि कानात बोळे देतात?” आत गेलो तर हॉलमध्ये एक खुर्ची नाही, सगळे उभे. काकूंना प्रश्न पडला, मागची रांग कुठंय? शेवटी एका भल्या मुलीनं साउंडच्या टेबलाजवळ, अगदी भिंतीला लागून, त्यांना एक उंच स्टूल दिलं. शेजारी कोण, तर हाताची घडी घालून टॉड. त्यानं काकूंना वाकून हॅलो केलं.

ऑर्लाला चाळीस मिनिटं होती, पुढे दुसरा बँड. ‘वरण’ला लोक नाचले. रूपकवालं झालं. शेवटचं गाणं टॉडचं लाडकं, रेडिओवर वाजेल असं. आणि त्याच्या आधी हे आयरिश.

ऑर्लानं गिटार खाली ठेवली. श्रीकांत तबल्यावर नुसती बोटं फिरवत होता, ईशा काठ्या मांडीवर ठेवून बसली होती. ऑर्ला गायला लागली. माझं लक्ष सगळं बारकडे. एक जण वळला. मग अजून दोघं. मी मनात मोजायला लागले. मग त्यातला एक ग्लास न घेताच परत फिरला आणि तसाच उभा राहिला. हळूहळू हॉलमधले सगळे आवाज बंद झाले. बारवाल्यानंसुद्धा बर्फ टाकायचं थांबवलं.

गाणं संपलं. टाळी नाही, काही नाही. ऑर्ला समोर अंधारात बघत उभी, आणि तिचा चेहरा बघून मी रडायच्याच बेतात.

आणि पाठीमागून, भिंतीपासून, खणखणीत आवाज आला. “वन्स मोअर!”

सगळा हॉल मागे वळला. काकू स्टुलावरून उतरून उभ्या होत्या, पदर खोचून. कुणीतरी हसलं, मग कुणीतरी ओरडलं, “वन्स मोअर!” आणि मग अख्ख्या हॉलनं ते धरलं, पाय आपटत, बाटल्या आपटत. स्टेजच्या कडेला उभा असलेला क्लबचा माणूस मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटून दाखवत होता. हे परत म्हटलं तर टॉडचं लाडकं गाणं गेलं.

ऑर्लानं डोळे पुसले, आणि तेच गाणं पहिल्यापासून सुरू केलं. ह्या वेळी तिनं ते असं गायलं की गॉलवेपर्यंत जावं. शेवटच्या ओळीला लोक शब्द न कळता तिच्याबरोबर गुणगुणत होते.

टाळ्या थांबेनात. मी गर्दीतून वाट काढत काकूंपाशी पोचले. टॉड तिथंच होता, पण हाताची घडी सुटली होती आणि नाक लाल झालं होतं. तो काकूंकडे वळला, घसा साफ केला आणि अगदी हळू पुटपुटला, “वन्स मोअर.”

काकूंनी त्याच्याकडे नीट बघितलं. “मागच्या रांगेला ऐकू आलं नाही.”