पाठ फिरवून बसलेले पक्षी

शेवटचं आम्ही नवराबायकोंनी मिळून काय केलं, तर मेथी निवडली. अमेरिकेत, चँडलरला, मुलाच्या गॅरेजचं दार उघडं टाकून.

"अहो, पानं टाकताय आणि देठ ठेवताय. चाळीस वर्षं झाली, अजून शिकला नाहीत."

"मग खा देठ."

शेजारीणही तिथेच बसली होती. एल साल्वादोरची, ऑफिसं झाडणारी बाई. तिकडे भूकंप झाला तेव्हा सरकारने तिला इथे राहू दिलं, पण तात्पुरतं. दीड वर्षाने मुदत संपायची, सरकार वाढवायचं, की पुन्हा फॉर्म. या खेपेला अफवा होती, ही शेवटचीच, आणि फॉर्मवरच्या पत्त्यावर माणसं येऊन धरून नेणार. भरलेल्या फॉर्मचं पाकीट ती मांडीवर घेऊन बसायची, पोस्टात टाकायची नाही. न टाकलं तर कामाच्या परवान्याचं कार्ड बाद, काम जाणार, मग खरंच धरणार.

बायको तिला म्हणाली, "मंडे. यू, मी, पोस्ट."

मी म्हणालो, "तू यात पडू नकोस. आपल्या पोराचंच ग्रीन कार्ड अडकलंय."

त्याच रात्री बायको झोपेत गेली.

दहाव्याला मुलाने मागच्या भिंतीवर पिंड ठेवला. भटजी पुण्याहून फोनवर. कावळा इथे दिसत नाही. लांब शेपटीचे काळे पक्षी असतात, ते आले, नऊ-दहा. ओळीने बसले, पिंडाकडे पाठ करून. सगळ्यांची तोंडं शेजारणीच्या खिडकीकडे. बायको गेल्यापासून तो पडदा लावलेला. गाडी दारात, पण घरात आवाज नाही.

मुलगा हात जोडून म्हणाला, "आई, बाबांना मी सांभाळीन." एकही हलला नाही. सुनेने नातीच्या शिक्षणाचं सांगितलं. तरी नाही. एरवी हे पक्षी नुसता कलकलाट करतात. त्या दिवशी एकानेही चोच उघडली नाही.

"दर्भाचा कावळा करा आणि शिववून टाका," भटजी म्हणाले. "माझी इकडे झोपायची वेळ झाली."

मी शिकलेला नाही, पण बायको मला कळायची. म्हणालो, "तिला पोस्टात मी नेतो. जा आता."

एक पक्षी वळला. उडाला नाही, भिंतीवरून चालत आला आणि शीत उचललं. समोरचा पडदा बोटभर सरकला.

"बाबा, कोइन्सिडन्स आहे," मुलगा म्हणाला. "प्लीज, त्या भानगडीत पडू नका. आपली केस पेंडिंग आहे."

"ते तुझ्या आईला सांग."

तिच्या मुदतीला चारच दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी तिचं दार वाजवलं. आत पाऊल वाजलं आणि थांबलं. मी पायरीवर बसून राहिलो. ऊन गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा ती बाहेर आली, पाकीट छातीशी धरून. आम्ही चालत पोस्टात गेलो. काउंटरवर तिच्या मुठीतून ते सुटेना. मी तिच्या हातासकट पुढे ढकललं.