मंजूनं मोकळे सोडलेले गोळे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तसा मी तोंडाचा मोकळा माणूस — लग्नघरी माझ्याभोवती सतरंजी भरते, बायकोला येऊन मला आवरावं लागतं. या गोष्टीवरचा विनोद मात्र कितीदा तरी सांगितलाय. खरं तेवढं राहिलं.

लातुरात तेव्हा क्लासेसचं पेव फुटलं होतं. रविवारी टेस्ट, सोमवारी रँक, आणि रँक घसरली की पोरगं टॉप बॅचमधून उठून मागच्या हॉलात. अशाच एका क्लासच्या, गोळे काळे करायच्या उत्तरपत्रिका तपासणारं सॉफ्टवेअर मी सांभाळायचो. माझी भाची मंजू — बिलोलीच्या अक्काची लेक — आमच्याकडे राहून त्याच क्लासला जायची. तिला नांदेडजवळ विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंग करायचं होतं.

क्लासचं मशीन जुनं. तयार पॅकेज त्यावर चालत नसे, म्हणून गुण मोजणारं पॅकेज मी सोर्समधून, म्हणजे मूळ कोडपासून, बांधायचो. बांधून झालं की त्याच्यासोबत आलेल्या चाचण्या आपोआप चालायच्या. नमुन्याच्या उत्तरपत्रिका घालून गुण बरोबर येतात का ते बघायच्या. एक जरी नापास झाली तर पॅकेज बसायचंच नाही. किती शहाणी सोय! आणि मला ती कटकट वाटायची.

एकदा नवी आवृत्ती बांधली आणि एक चाचणी नापास झाली. तेवढ्यात क्लासच्या सरांचा फोन — "अहो, पालक जिन्यात बसून राहिलेत, रिझल्ट कुठं हाय?" मी सेटिंगमध्ये एक ओळ टाकली : चाचण्या वगळा. ती एकच वगळता आली असती की नाही? आली असती. मी सगळ्याच वगळल्या. पॅकेज गुमान बसलं.

लातूरच्या भूकंपानंतर भिंती ठोकून बघितल्याशिवाय घरात न निजणारा माणूस मी! संताप येतो तो याचा — अख्खं शहर पोरांना दर रविवारी तपासून राहिलं होतं, आणि त्यांना तपासणाऱ्या मशीनला सूट दिली मी!

तुम्ही म्हणाल, घाईत होतं असं. थांबा — काय नापास झालं ते मी वाचलं होतं. मोकळ्या सोडलेल्या प्रश्नाला शून्य हवं होतं. मिळत होतं उणे एक. चुकलेल्या उत्तराला कापतात तेवढं, न दिलेल्याला. वाचलं, आणि तरी ती ओळ टाकली.

सोमवारी मंजू मागच्या हॉलात गेली. घरी येऊन सगळ्यांसमोर म्हणाली, "मामा, जे येत न्हाई ते मी सोडलं. गोळे काळे केलेच न्हाईत. मग मार्क कशाचे कापले?"

मला माहीत होतं. त्याच क्षणी माहीत होतं. आणि मी काय म्हणालो? "मशीन चुकत नसतं, बाई. तुझाच हात गेला असंल." घरातले हसले. मला हसवायला आवडतं ना!

पुढच्या टेस्टच्या आत मी ते पॅकेज गुपचूप नीट केलं. जुने गुण तसेच ठेवले — ते बदलले असते तर बोलावं लागलं असतं. मशीन आता बरोबर मोजू लागलं, पण पोरीचा स्वतःच्या हातावरचा भरवसा गेला होता. कुठला गोळा चुकून काळा तर झाला नाही, हे पुन्हापुन्हा बघत बसायची. पेपर अर्धा राहायचा. रँक आणखी खाली गेली. दिवाळीला अक्का आली नि तिला घेऊन गेली. विष्णुपुरीचं नाव मग कुणी काढलं नाही.

आणि मी? 'आमची मंजू कम्प्युटरशी भांडली' हा किस्सा केला. बारशात सांगितला, साखरपुड्यात सांगितला. सांगताना तिचा आवाजही काढायचो.

परवा नांदेडला एका लग्नात पोरं मागं लागली — तो मशीनचा सांगा. का कुणास ठाऊक, मी मान खाली घालून भात कालवत राहिलो. मंजू जिलेबी वाढत होती. ताट हातात धरून थांबली, आणि हुबेहूब माझ्या आवाजात म्हणाली, "मशीन चुकत नसतं, बाई. तुझाच हात गेला असंल."

अख्खी पंगत हसली.

मीही हसलो.