टबातली बाग

सॅक्रामेंटो नदीच्या बांधाखाली चिनी लोकांनी वसवलेलं एक लहानसं गाव आहे. एकच रस्ता आणि दोन्ही बाजूंना कलंडलेली लाकडी घरं. रविवारी लोक गाड्या काढून येतात, वाकड्या घरांचे फोटो घेतात आणि 'किती गोड!' म्हणतात. त्यात गोड काय आहे, ते लम क्वाँग-याव या म्हाताऱ्याला कधीच कळलं नाही. तो त्याच गावात जन्मला होता.

त्याच्या आज्या-पणज्यांच्या पिढ्यांनी कमरेइतक्या चिखलात उभं राहून हे बांध घातले, दलदलीची शेतं केली. पुढे शेजारच्या गावातली चिनी वस्ती जळाली, तेव्हा एका गोऱ्या बागवाल्याच्या जमिनीवर, नुसत्या तोंडी बोलीवर, त्याच्या बापाने आणि इतरांनी हे गाव उभं केलं. घरं त्यांची, जमीन मालकाची. चिन्यांसारख्या परक्यांनी कॅलिफोर्नियात जमीन घ्यायची नाही, असा कायदाच होता. पुढे कायदा गेला, पण जमीन काही मालकाच्या घराण्याकडून सुटली नाही.

म्हणून क्वाँग-यावच्या बापाने अंगणात कधी कुदळ मारली नाही. भंगारातले आंघोळीचे लोखंडी टब आणून त्यांत माती भरली आणि कारली, दुधी, पालेभाज्या लावल्या. "ऊठ म्हणाले तर उचलून नेता आलं पाहिजे," असं तो म्हणायचा. पोराने झाडाचं नाव काढलं की त्याचे कान उपटायचा. पोराने मग जन्मभर मालकाच्या नासपतीच्या बागेत छाटणी केली, बोटं वाकडी होईपर्यंत. आपलं स्वतःचं एक झाड असावं, एवढी एकच हौस त्याने उराशी धरली होती, आणि बायको होती तोवर तिच्यापाशीसुद्धा ती कधी बोलून दाखवली नाही.

२००४ साली गावची जमीन अखेर घरवाल्यांच्या नावावर झाली. म्हातारा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. त्या हिवाळ्यात त्याने अंगणात खड्डा खणला, नासपतीचं कलम लावलं आणि रोज सकाळी चहाचा पेला घेऊन त्याच्यापाशी बसू लागला. घरात नातू जन्मला असता तरी त्याने याहून जास्त कौतुक केलं नसतं.

त्याच सुमारास स्वानंदी आली. ही नागपूरची मुलगी जवळच्या विद्यापीठात जुन्या वस्त्यांच्या जतनावर संशोधन करत होती. पोरगी लाघवी. म्हाताऱ्याने कारल्याची भाजी केली, ती तिने "अंकल, एकदम आईच्या हातची!" म्हणत पुन्हा मागून घेतली. मग विचारलं, "हे टब कशाला?"

खरं सांगायला त्याची जीभ रेटेना. परक्या पोरीला काय सांगायचं, की आम्ही इथे पाय रोवायलासुद्धा भीत होतो? तो ताठ बसला आणि म्हणाला, "आमची पद्धत आहे ती. पिढ्यान् पिढ्यांची."

स्वानंदीने ते भाबडेपणाने तसंच गावाच्या वारसा समितीला कळवलं. समितीत सगळे बाहेरून आलेले, इथली घरं घेऊन चित्रांची दुकानं थाटलेले लोक. त्यांना ती पद्धत भारीच आवडली. दोन वर्षांनी नियम निघाला: अंगणं मूळ रूपात ठेवावीत, टब असावेत, जमिनीत झाड नसावं.

स्वानंदी रडवेली होऊन धावत आली. "सॉरी अंकल, माझ्यामुळे झालं हे. पण अजून चेंज करता येईल. मीटिंगमध्ये तुम्हीच सांगा ना, टब खरे कशासाठी होते ते."

आणि म्हातारा गेला. जे जन्मभर गिळलं होतं, ते त्याने समितीसमोर उभं राहून सांगितलं. बापाची भीती सांगितली, उपटलेले कान सांगितले. शेवटी हातातली टोपी चुरगाळत म्हणाला, "एक झाड तेवढं राहू द्या." स्वतःच्या जमिनीवरच्या झाडासाठी त्याला हात पसरावे लागले.

सगळे गहिवरले. गहिवरायला पदरचं काही जात नाही. अध्यक्षबाईंनी डोळे टिपले, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग बाई म्हणाल्या, "मिस्टर लम, हे ऐकल्यावर तर टब जपायलाच हवेत. आपण तिथे तुमच्या वडिलांच्या नावाची पाटी लावू. झाड टबात हलवलंत, म्हणजे दोन्ही साधेल." ठराव एकमताने झाला. म्हाताऱ्याशी हस्तांदोलन करायला रांग लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कुदळ घेतली. स्वानंदी आली होती. तिने घाईघाईने एक टब रिकामा केला, त्यात नवी माती भरली. मुळं चांगली खोल गेली होती, ती मोकळी करता करता म्हाताऱ्याला दुपार झाली. झाड बाहेर निघालं तशी ती पुढे झाली. "आणा अंकल, मी धरते."

"हात लावू नकोस," तो म्हणाला. एवढ्या दिवसांत तो तिच्याशी असा कधीच बोलला नव्हता.

"टबात नाही लावायचं?"

"टबात लावायचं असतं तर माझ्या बापानेच लावलं असतं." एवढं बोलून त्याने कुऱ्हाड घेतली आणि झाडाचे चुलीत मावतील एवढे तुकडे केले.