वडिलांच्या नावाचं पहिलं पत्र

अंबडला कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. कुणाचा कॉम्प्युटर अडला की मी आधी खेकसते आणि मग दुरुस्त करून देते. बिघाडाला मी घाबरत नाही. एकदाच घाबरले, तेही भर दुपारी.

वडील गेले त्या आठवड्यातली गोष्ट. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाची पत्रं काढायची होती. आमच्याकडे लग्नाची यादीच दुःखालाही चालवतात. माणसं तीच, मजकूर तेवढा बदलायचा. धाकट्या बहिणीच्या लग्नाची यादी वडिलांनी माझ्याच दुकानात बसून एक्सेलमध्ये टाइप केली होती. तीच उघडली.

काम मामुली होतं, पण जीव आईत अडकला होता. तिच्या डोळ्यांदेखत अंत्ययात्रा निघाली, तरी तिनं टिपूस गाळलं नव्हतं. रोज सकाळी दोन कप चहा करायची, एक झाकून ठेवायची. शेजारणी भेटायला आल्या की म्हणायची, "बसा, येतीलच आता." भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "रडली न्हाई तर आई हातातून जाईल बघ."

दुपारची सुट्टी झाली आणि कोर्टासमोरचा रस्ता एकदम ओस पडला. मी यादी वर्डमध्ये ओढली. प्रत्येक पत्रावर ज्याचं त्याचं नाव आपोआप पडायला हवं होतं, पण नावांच्या जागी नुसत्या वाकड्यातिकड्या खुणा उमटल्या. यादी जुन्या मराठी फॉन्टमध्ये होती, एवढंच. पुटपुटत तो फॉन्ट लावला. खुणा हलल्या, अक्षरं झाली आणि पहिल्या पत्रावर वडिलांचं नाव आलं.

'सप्रेम जय भीम. आमच्या वडिलांचे दुःखद निधन झाले आहे. तरी आपण अवश्य यावे.' आणि हे त्यांनाच, आमच्याच घराच्या पत्त्यावर! मी खुर्ची झटकन मागं सरकवली. एक्सेलमध्ये पाहिलं तर त्यांचं नाव कुठंच नव्हतं. फाईल बंद करून पुन्हा जोडली. पुन्हा तेच पहिले.

मग डावीकडच्या आकड्यांवर नजर गेली. एक म्हणजे मथळ्यांची ओळ, तिच्या खाली थेट तीन. मधली ओळ लपवलेली होती. तशी ओळ आपल्याला दिसत नाही, वर्डला मात्र दिसते. तो ती गुपचूप उचलून आणतो. आणि मला आठवलं, लग्नाच्या वेळी वडील म्हणाले होते, "पहिलं माझ्या नावानं काढ. चुकलं तर घरातच राह्यतं." नमुना पाहून झाल्यावर त्यांनीच ती ओळ लपवली असणार.

कोडं सुटलं, पण ओळ पुसायला बोट चालेना. भलतीकडंच बोट पडून छापायचं बटण दाबलं गेलं. पहिला कागद बाहेर येतो तोच आई डबा घेऊन दारात. मी झाकायच्या आत तिनं तो उचलला. सावकाश, ओठ हलवत वाचला. आता ही कोसळणार म्हणून मी उठले.

ती शांतपणे म्हणाली, "तरीच. त्यांना कुणी सांगितलंच न्हाई."

"काय सांगितलं न्हाई, आई?"

"आपण गेलो म्हणून. कसं कळंल मंग? घरातच फिरून राह्यलेत."

आईनं कागदाची घडी करून पदराखाली धरली आणि ती घरी निघाली. दुकान तसंच उघडं टाकून मी तिच्या मागं.

ती वडिलांच्या खोलीत गेली. मी दाराशीच थबकले. वडिलांचे डोळे अधू झाल्यापासून ती त्यांना पेपर वाचून दाखवायची, त्याच आवाजात तिनं रिकाम्या खाटेला ते पत्र वाचून दाखवलं. नाव आलं तिथं थांबली, म्हणाली, "तुमचंच हाये. ऐकलंत ना?"

ती खाटेकडं कान देऊन उभी राहिली. मग, समोरून कुणी होकार दिल्यावर हलवावी तशी तिनं मान हलवली आणि हंबरडा फोडला. तिला पोटाशी धरायला मी एक पाऊल टाकलं आणि मागं घेतलं. त्या खोलीत आई एकटी आहे, असं मला वाटत नव्हतं.