शेपूट हलवणारा बाण

धाटावला कंपनीत जायला मी जिथं बसची वाट पाहायचो, त्या थांब्यामागं एकाचं रताळ्याचं शेत होतं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यानंही माझं विचारलं नाही. रानडुकरं रोज रात्री येऊन शेत उकरायची, आणि हा रोज सकाळी बांधावर बसून धनुष्यबाण नीट करत असायचा.

समोर पेंढ्याचा भारा ठेवलेला. बाण त्यात बरोबर घुसायचा, पण जाताना शेपूट हलवत जायचा. ते त्याला खपत नसे. मग तो बाणाची काडी निखाऱ्यावर शेकून सरळ करी, एक डोळा मिटून बघे, मागची पिसं सोडून पुन्हा बांधे, आणि परत बाण सोडी.

"अहो, लागतोय की!" मी एकदा म्हणालो. "डुक्कर काय शेपूट बघणार आहे?"

"मी बगतो ना," तो म्हणाला.

"मग रात्री राखणीला तरी बसा."

"बान नीट नाय, तर बसून काय करू?"

शेत रोज थोडं कमी होत गेलं. शेवटी एका सकाळी बाण सुतासारखा सरळ गेला. त्यानं तो उपटला, पुसला आणि बांधावर ठेवला. मी शेताकडं पाहिलं. एकही वेल उरला नव्हता, आणि डुकरंही यायची थांबली होती.

"आता काय करणार?" मी विचारलं.

तो कुदळ घेऊन उठला.

"परत लावतो. त्यांना यायला कायतरी नको?"