अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला गणित घेतलेल्या मुली आम्ही दोघीच. मी गडहिंग्लजकडच्या शेतकऱ्याची, होस्टेलवर राहणारी. ती शाहूपुरीतली, खाली वडिलांचं शिलाईचं दुकान, वर घर. एका शनिवारी तास संपताना सरांनी फळ्यावर सात वेळा एक लिहिला. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा.

"ही मूळ संख्या आहे, की हिला कशानं भाग जातो? सोमवारी सांगा," म्हणाले आणि गेले.

रविवारी मी गावी न जाता तिच्याकडं गेले. चटईवर बसून भागाकार सुरू केले. एक मूळ संख्या तिनं घ्यायची, पुढची मी. सदतीसनं भागल्यावर बाकी एकच उरली, तेव्हा ती केवढी हळहळली!

"एकच हाय न्हवं? सोडून द्या की," तिची आई चहा ठेवत म्हणाली. दुपारभर आमचं एकच चाललं होतं, 'जात न्हाय, जात न्हाय.'

दिवस कलायला आला तेव्हा माझ्या वाट्याला दोनशे एकोणचाळीस आली. बाकी शून्य. मला खरंच वाटेना. तिनं कागद ओढून घेतला, पुन्हा भागून बघितलं आणि किंचाळली, "गेला! गेला!"

खालचं मशीन थांबलं. तिचे वडील गळ्यात टेप तसाच घेऊन धावत वर आले. "कोण गेलं?"

"आकडा गेलाय," आई म्हणाली. "भाग गेलाय त्याला."

"एवढंच व्हय? माझा जीव गेलता की!" ते तिथंच टेकले आणि आमच्याबरोबर हसत सुटले.

भागाकार आला होता चार हजार सहाशे एकोणपन्नास. आता याचेही भाग पाडायचे म्हणून मी पुन्हा दोनपासून लागले, तर तिनं माझा हात धरला. "थांब की! हिला लहान कशानं भाग जात असता, तर तो मोठ्या आकड्यालाही गेला असता. ते सगळे आपण तपासलेत. हीपण मूळच हाय." माझ्या डोक्यात ते लख्ख उतरलं. भाग सापडल्यापेक्षा मला त्याचाच आनंद जास्त झाला.

सोमवारी आम्ही उत्तर सांगितलं. सर खूश झाले. मग म्हणाले, "ज्यांना सातानं भागून एक उरतो, तेवढ्याच मूळ संख्या तपासायच्या होत्या. दोनशे एकोणचाळीसपर्यंत अशा आठच आहेत." आणि का ते फळ्यावर सिद्ध करून दाखवलं.

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मैत्रीण उभी राहिली आणि भर वर्गात म्हणाली, "सर, आधी सांगितलं न्हाई ते बरं झालं. चहा व्हायच्या आत सगळं संपलं असतं की!"