डाव्या पायाचा तिसरा खिळा

माझे यजमान फौजेत नालबंद आहेत असं सांगितलं की शाळेतल्या बाया आधी हसायच्या. फौजेत बंदुका असतात, रणगाडे असतात, तिथे घोड्याच्या टापेला नाल ठोकणारा माणूस कशाला लागतो? लग्नाआधी मलाही हेच वाटलं होतं. पण घरचं कामच ते. माझे सासरे, मी त्यांना मामाजी म्हणते, आयुष्यभर नांदुऱ्याच्या बाजारात बैलांच्या खुरांना पत्री ठोकत आले. दोर लावून बैल आडवा पाडायचा, चारही पाय बांधायचे आणि खुराच्या दोन्ही फाकांना लोखंडाची पातळ पट्टी बसवायची. पुढे काचबिंदूने त्यांचे डोळे गेले. उजेड-अंधार तेवढा कळायचा. तरी अंगणातून कोणाचा बैल गेला तर आवाजावरून सांगायचे, "याचा मागचा उजवा खूर वाढला हाये."

त्या वर्षी परदेशात खेळांचा मोठा मेळा होता. बरेच देश, बरेच खेळ, त्यांत घोडेस्वारीही. आपला संघ जाणार होता आणि संघाबरोबर एक नालबंद. तो मान यांना मिळाला. आमच्या गावात, वडनेरमध्ये, कोणाला त्याचं फार काही कळलं नाही. सरपंच मात्र घरी येऊन म्हणाले, "पदक भेटलं त बोर्ड लावू चौकात."

स्पर्धा तीन दिवसांची. पहिल्या दिवशी घोड्याची शिस्तीची चाल, दुसऱ्या दिवशी माळरानातून लांब धाव, त्यात ओंडके, खंदक, पाण्याची तळी ओलांडायची, आणि तिसऱ्या दिवशी मैदानात रंगीत दांड्यांवरून उड्या. संघात चार घोडे होते. धावेच्या दिवशी आपला एक स्वार पडला आणि बाद झाला. आता उरलेल्या तिघांचेही गुण धरले जाणार होते. त्यांतला एकही घोडा गेला असता तर संघच संपला असता. त्या संध्याकाळी आपण तिसऱ्या क्रमांकावर होतो. यजमानांनी फोनवर एवढंच सांगितलं आणि म्हणाले, "साहेबांच्या घोडीची एक नाल पाण्यात निघाली होती, ती ठोकून आलो आत्ता. थकलो. ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला परत फोन आला, या वेळी व्हिडिओचा. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. मी डबा भरत होते. माझी शाळा शेजारच्या गावात, नऊची बस. एवढ्या सकाळी ते कधी फोन करत नसत.

"बाबाले दे," ते म्हणाले.

आवाज ऐकूनच माझा हात थांबला. घरात आवाज तुटत होता. आमच्याकडे रेंज नीट येते ती गच्चीवरच. मी मामाजींचा हात धरून त्यांना जिन्याने वर नेलं. ते एकेक पायरी चाचपत चढत होते आणि फोनमध्ये यजमान "हॅलो, हॅलो" म्हणत होते.

"बोल," वर पोचल्यावर मामाजी म्हणाले.

"बाबा, घोडी डाव्या पुढच्या पायावर भार देऊन नाई राह्यली. टाप गरम लागते. नऊला तपासणी हाये, आपल्या घड्याळानं."

तिसऱ्या दिवशी उड्यांच्या आधी प्रत्येक घोडा पंचांसमोर दुडक्या चालीने पळवून दाखवावा लागतो, हे मला माहीत होतं. लंगडला की बाद. आणि दुखणं दबेल असं कुठलंही औषध द्यायला बंदी, रक्त-लघवी तपासतात.

"काल तोच पाय ठोकला काय तू?"

"हाव."

"डाक्टरले सांगतलं?"

"नाई अजून. आधी तुम्हाले विचारतो म्हटलं."

मामाजींनी चेहरा माझ्याकडे वळवला. "सूनबाई, त्यात घोडी दिसते काय?"

मी सांगितलं, दिसते. यजमानांनी फोन एका पालथ्या बादलीवर टेकवून ठेवला होता. तपकिरी घोडी, कपाळावर पांढरा पट्टा, मागे गवताच्या पेंढ्या. डावा पाय तिने जरा पुढे टेकवला होता, शाळेत उभं राहून कंटाळलेलं पोर टेकवतं तसा. मी तसंच सांगितलं.

"बरं. आता ऐक," मामाजी मुलाला म्हणाले. "पाय उचल. हातोडीनं एकेका खिळ्याच्या डोक्यावर हलकेच टिचक दे. जोरानं नोको. तू खाली वाकेल अशीन, तुले तिचं तोंड दिसनार नाई. ते सूनबाई पाह्यते."

"मी काय पाहू?" मी म्हणाले. मला घोड्यातलं ओ का ठो कळत नव्हतं.

"कान पाह्य. डोळा पाह्य. खांद्याची कातडी पाह्य. काही हाललं की सांग."

यजमानांनी पाय गुडघ्यांत धरला. त्यांची पाठ दिसत होती आणि तिच्या वर घोडीची मान. टक. काही नाही. टक. काही नाही. बाहेरच्या बाजूचे खिळे झाले. मग आतल्या बाजूचा पहिला, दुसरा. तिसऱ्यावर हातोडी पडली आणि कोपराच्या वर तिची कातडी थरथरली. माशी बसल्यावर थरथरते तशी, इतकीच. मान हलली नाही.

"आता हाललं," मी म्हणाले. "पण कदाचित माशी असेल."

"पुन्हा," मामाजी म्हणाले. "या खेपेले उलटीकडून मोज. कोनता ठोकून राह्यला ते सांगू नोको."

मी फोन डोळ्यांजवळ नेला. हायवेवरून ट्रक जात होते, त्यांचा आवाज मध्ये येत होता. टक. टक. परत तीच थरथर, आणि या वेळी डोळ्याची पापणीही जरा मिटली.

"आता," मी म्हणाले.

यजमान पाय सोडून उभे राहिले. "तोच. आतला तिसरा." त्यांनी बाहीने तोंड पुसलं. "काल टाप ओली होती बाबा. अंधारून आलं होतं. हा खिळा मले आत जाताना जड लागला होता. मले तवाच कळायले पाह्यजे होतं."

खिळा टापेच्या मेलेल्या भागातून जायला हवा, तो जिवंत मांसाच्या जवळून गेला की दाबत राहतो, हे मामाजींनी मला नंतर समजावलं. तेव्हा मला एवढंच कळलं की चूक सापडली आहे, ती यांची आहे, आणि आजूबाजूला तिथे कोणी नाही.

म्हणून मीच म्हणाले, "मग काढून टाका ना तो आत्ताच. कोण पाहतंय? बाकीच्या खिळ्यांवर नाल राहील."

हे मी बोलले. मामाजी नाही, यजमान नाही, मी. शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवणारी बाई. पण त्या क्षणी मला यांची वीस वर्षांची नोकरी दिसत होती, मुलीचं बारावीचं वर्ष दिसत होतं आणि परदेशातून सामान बांधून परत पाठवलेला माणूस दिसत होता.

घोडीने पाय परत पुढे टेकवला.

मामाजी म्हणाले, "हात लावू नोको. आधी डाक्टरले बलाव. जसा हाये तसा दाखव, अन् माह्या हातानं झालं म्हन. मग तो सांगन तवा काढ."

"बाबा, मले इथूनच वापस धाडतीन."

"धाडू दे."

"साहेब काय म्हनतीन? त्याहिनं पाच वर्षं मेहनत केली या घोडीवर."

"म्हनूनच म्हनतो," मामाजी म्हणाले. "आज तू खिळा उपटशीन. तपासनीत पास होईन बी. अन् उडी मारताना पाय गेला त? वर बसला तो मानूस खाली पडन. त्याले तरी माहीत पाह्यजे का नाई?"

यजमान काही म्हणत होते तेवढ्यात आवाज तुटला. पडद्यावर घोडीचं अर्धं डोकं गोठून राहिलं आणि मग तेही गेलं. मी चार वेळा लावला. लागला नाही. उत्तर काय होतं ते आम्हाला कळलंच नाही.

मग थांबणं सुरू झालं. मी मुख्याध्यापकांना रजा कळवली. मामाजी खाली यायला तयार नव्हते. रेंज जाईल म्हणाले. ऊन चढत होतं, मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरून टाकीजवळ बसले. नऊची बस गेली ती वरूनच ऐकू आली.

"त्यांनी सांगितलं असेल का?" मी विचारलं.

"मले नाई माहीत."

खूप वेळाने ते आपणहून बोलले. "मी नव्हतं सांगतलं," म्हणाले. "एका मानसाचा खिल्लारी बैल होता. माह्याच हातानं खिळा आत गेला. मले कळलं बी होतं. बाजार भरला होता, लोक रांगेत उभे होते, मी गप राह्यलो. आठ दिसानं खूर पिकला. मग मी हळदीचा लेप घेऊन त्याच्या घरी गेलो, जसा उपकारच करून राह्यलो. त्यानं मले जेवाले बसवलं. त्याच्या बायकोनं ताटात दोन वेळा तूप वाढलं."

"बैलाचं काय झालं?"

"वाचला. पन नांगराले नाई चालला पुन्हा. तो मानूस मरेपर्यंत मले रामराम घालत होता."

मघाशी मी जे म्हणाले होते ते त्यांनी ऐकलं होतं, पण त्याबद्दल त्यांनी मला एक शब्दही विचारला नाही. विचारला असता तर बरं वाटलं असतं.

साडेनऊला संदेश आला. दोनच ओळी. डॉक्टरांना सांगितलं, खिळा काढला. पंचांनी चाल पाहून घोडीला बाजूला थांबवून ठेवलंय, परत बघणार.

मी मोठ्याने वाचलं. मामाजींनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मान हलवली. पण "परत बघणार" म्हणजे कधी, ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी फोन हातात धरून बसले. बॅटरी कमी होत होती आणि लाईट गेलेली होती, म्हणून पडदासुद्धा उजळवायची हिंमत होईना.

तिथे काय झालं ते यजमानांनी पुढे सुट्टीवर आल्यावर सांगितलं. फोन तुटल्यावर ते दहा मिनिटं घोडीजवळ उभे होते. मग डॉक्टरांच्या खोलीकडे गेले. डॉक्टर दाढी करत होते. यांनी दारातूनच सांगितलं, काल मी ठोकलेला खिळा जवळून गेलाय. डॉक्टर तसेच अर्ध्या दाढीने आले. टाप दाबून पाहिली, खिळा काढायला लावला, त्याचं टोक पांढऱ्या कापसावर पुसून पाहिलं. रक्त नव्हतं, पू नव्हता. "दाबलं गेलंय, टोचलं नाही," ते म्हणाले. मग दोन तास बर्फाच्या पाण्यात पाय. स्वार असलेले साहेब आले तेव्हा यांनी त्यांनाही तेच सांगितलं. साहेबांनी एकदा यांच्याकडे पाहिलं आणि घोडीच्या मानेवर हात ठेवला. यजमान म्हणाले, "चिडले असते तर सोपं गेलं असतं."

सव्वादहाला दुसरा संदेश आला. एकच शब्द. "पास."

मी तो वाचून दाखवला. मग टाकीला पाठ टेकली. मामाजी म्हणाले, "आता पानी दे मले."

दुपारी उड्या होत्या. मुलीने कॉलेजातून येऊन कुठल्याशा साईटवर ते दाखवायचं जमवलं. आम्ही तिघं खोलीत बसलो. मामाजींना मी काय दिसतं ते सांगत होते, आणि त्यांना दांड्या पडल्या की नाही यात काडीचा रस नव्हता.

"खाली येताना आधी कोनता पाय टेकवते?"

"उजवा."

"पुढच्या उडीले?"

"उजवाच. नाही, थांबा, डावा. डाव्यावर आली."

"मान हालली काय?"

"नाही."

सहाव्या अडथळ्याला मागचा पाय लागून दांडी पडली. मुलगी पुटपुटली. नवव्याला दुसरी पडली. शेवटच्या वळणावर घोडी वेगात आली आणि स्वच्छ पलीकडे गेली. साहेबांनी उतरल्याबरोबर खाली वाकून तिच्या डाव्या पायावरून हात फिरवला, तेवढं पडद्यावर दिसलं.

आपण चौथे आलो. एक दांडी कमी पडली असती तर पदक होतं. त्या दोन दांड्या पायामुळे पडल्या की आदल्या दिवसाच्या थकव्यामुळे, हे कोणी सांगू शकलं नाही. घोडी दुसऱ्या दिवशी नीट चालत होती.

यजमानांना परत धाडलं नाही. संघाबरोबरच आले. कागदावर मात्र नोंद झाली आणि पुढच्या दौऱ्याच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. नव्या पोरांना नालबंदी शिकवायच्या कामावर त्यांना घातलं, आजही तेच करतात. सुट्टीवर आले तेव्हा वडनेरच्या स्टँडवर कोणी विचारलं, "पदक नाई भेटलं म्हंते?" हे म्हणाले, "नाई भेटलं," आणि पिशवी उचलून घरी आले. बोर्डाचा विषय सरपंचांनी परत काढला नाही.

त्या सुट्टीत एकदा मी धीर करून विचारलं. म्हटलं, त्या सकाळी मी जे बोलले होते, खिळा गपचूप काढा म्हणून, ते तुम्हाला ऐकू गेलं होतं का.

"गेलं होतं," ते म्हणाले.

"राग आला होता?"

"नाही. तू बोलायच्या आधीच माझा हात चिमट्याकडे गेला होता."

ते एवढं म्हणाले आणि मामाजींना अंघोळीला पाणी काढून द्यायला उठले.